शिंगांचा हिशेब सुतासुताने

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, डॅनबरी गावाजवळच्या रानात, नोव्हेंबर १९१४ मध्ये जेम्स जॉर्डन नावाच्या तरुणाने पांढऱ्या शेपटीच्या जातीचे एक नर हरीण टिपले. शिंगे असामान्य मोठी होती. पेंढा भरून मस्तक भिंतीवर लावावे, या हेतूने त्याने ते एका कारागिराच्या स्वाधीन केले. पुढे हा कारागीर गाव सोडून गेला आणि त्याच्यासोबत शिंगेही नाहीशी झाली. अनेक दशकांनंतर शेजारच्या मिनेसोटा राज्यातील सँडस्टोन येथे जुन्यापुराण्या वस्तूंच्या विक्रीत कोणीतरी ती अवघ्या तीन डॉलरना विकत घेतली. यथावकाश त्यांची अधिकृत मोजणी झाली आणि आकडा निघाला २०६ १/८. १९७१ मध्ये त्यांची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. मात्र शिकाऱ्याचे नाव ‘अज्ञात’ राहिले. जॉर्डनने आपली शिंगे ओळखली होती. त्याचा दावा मान्य होण्यास १९७८ चा डिसेंबर उजाडला, आणि त्याच्या दोनच महिने आधी वयोवृद्ध जॉर्डनने जगाचा निरोप घेतला होता.

घरातील अडगळ आणि जागतिक विक्रम यांतील अंतर ज्या आकड्याने ठरवले, तो येतो कोठून? शिंगांची ‘मापे’ काढून त्यांना ‘गुण’ देण्याची ही पद्धत उत्तर अमेरिकेतील शिकारी समाजात इतकी रुजलेली आहे की तेथे हरणाची ओळखच अनेकदा ‘दीडशेचा’ किंवा ‘एकशे सत्तरचा’ अशी करून दिली जाते. या गुणांमागे नियमांची एक काटेकोर चौकट आहे. तिचा उगम मात्र शिकारीच्या फुशारकीत नव्हता. तो प्राणी नामशेष होतील या भीतीत होता.

शिंगा-शिंगातला फरक

मराठीत काळविटाच्या आणि सांबराच्या डोक्यावर असते त्या दोन्हींना ‘शिंग’च म्हणतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काळवीट, चिंकारा, गाय, बकरी यांची शिंगे म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेले नखासारख्या द्रव्याचे पोकळ आवरण. ती आयुष्यभर टिकतात आणि त्यांना फाटे फुटत नाहीत. सांबर, चितळ, बारशिंगा आणि अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण यांची शिंगे भरीव हाडाची असतात. ती गळून पडतात आणि पुन्हा नव्याने उगवतात.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिंगे हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नवी फुटू लागतात. वाढत्या शिंगावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली त्वचा असते. भर वाढीच्या दिवसांत शिंग आठवड्याला इंचाहून अधिक वाढते. सस्तन प्राण्यांच्या शरीरात इतक्या वेगाने वाढणारे हाड दुसरे नाही. उन्हाळा संपत आला की दिवस लहान होऊ लागतात, नराच्या शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते, शिंग कठीण होते आणि हरीण झाडाच्या खोडावर घासून वरची मखमल उतरवते.

शिंगांचा आकार तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वय, आहार आणि अनुवंश. साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या नराची शिंगे सर्वांत भारदस्त असतात. हरीण तोवर जगले, त्याला पोटभर सकस चारा मिळाला, तरच ती तशी वाढतात. त्यामुळे मोठी शिंगे ही त्या प्राण्याबरोबरच त्याच्या रानाचीही साक्ष असते. मोजणीच्या पद्धतीला वैज्ञानिक आधार मिळाला तो येथे.

लोप पावणाऱ्या प्राण्यांची नोंदवही

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार शिकारीने हरणे, एल्क आणि गवे झपाट्याने कमी होत होते. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या, जी आज कोट्यवधींत आहे, ती १९०० च्या सुमारास काही लाखांवर आली होती. या पार्श्वभूमीवर थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये काही शिकारी मित्रांना एकत्र करून ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ स्थापन केला. रूझवेल्ट पुढे देशाचे अध्यक्ष झाले. स्वतः शिकारी असलेल्या या मंडळींनी शिकारीला कायद्याची वेसण घालावी, राखीव वने निर्माण व्हावीत, असा आग्रह धरला.

त्याच काळात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख विल्यम हॉर्नडे मस्तके आणि शिंगे यांचा राष्ट्रीय संग्रह उभारत होते. १९२२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला, तेव्हा जगातील लोप पावत चाललेल्या मोठ्या वन्यप्राण्यांच्या स्मृतीला तो अर्पण करण्यात आला. हे प्राणी लवकरच संपणार, तेव्हा निदान त्यांचे आकारमान पुढच्या पिढ्यांसाठी नोंदवून ठेवावे, ही त्यामागची धारणा होती. क्लबने १९३२ मध्ये विक्रमांचे पहिले पुस्तक काढले तेही याच धारणेतून.

त्या पुस्तकातील मापे साधी होती. दांड्याची लांबी, बुडाचा घेर, दोन शिंगांतील अंतर अशा मोजक्या मापांवरून एकूण शिंगांचा अंदाज येत नसे. लांब पण काटकुळे शिंग भरदार शिंगापेक्षा वरचे ठरे. हा दोष दूर करण्यासाठी क्लबने सॅम्युअल वेब यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ग्रॅन्सेल फिट्झ आणि जेम्स क्लार्क या दोन जाणकारांनी आपापल्या स्वतंत्र पद्धती तयार केल्या होत्या. त्यांतील ग्राह्य भाग एकत्र करून १९५० मध्ये जी पद्धत स्वीकारली गेली, तीच आजही मूळ आधार आहे.

साठ दिवस, पोलादी फीत आणि एक सूत

शिंग हाडाचे असले तरी त्यात ओल असते आणि वाळताना ते किंचित आकसते. म्हणून शिकारीनंतर किमान साठ दिवस ते सामान्य तापमानात वाळू द्यावे लागते. त्याआधी घेतलेले माप अधिकृत मानले जात नाही. कवटीचा वरचा भाग दुभंगलेला असेल तर शिंगे विक्रमासाठी अपात्र ठरतात, कारण दोन तुकडे जोडताना शिंगांतील अंतर हवे तसे वाढवता येते.

मोजणीसाठी पाव इंच रुंदीची पोलादी फीत वापरतात. शिंप्याकडची कापडी फीत ताणली जाते, म्हणून ती चालत नाही. वळणदार लांबीसाठी लवचीक पोलादी तार वापरण्यास मुभा आहे. सगळी मापे इंचाच्या आठव्या भागापर्यंत नोंदवली जातात. आपल्याकडील सुतार आणि गवंडी ज्याला ‘सूत’ म्हणतात, तेच हे परिमाण. विक्रमाच्या यादीत दोन हरणांमधील अंतर अनेकदा एखाद्या सुताचेच असते.

ही मापे घेणारे मोजणीदार क्लबने प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक असतात. शिकाऱ्याने घरी काढलेला आकडा नोंदीसाठी चालत नाही. अत्युच्च गुण मिळवणारी शिंगे परीक्षकांच्या मंडळापुढे ठेवून पुन्हा मोजली जातात.

फीत कोठे कोठे लागते?

पहिला प्रश्न असतो तो फाटा कशाला म्हणायचे, हा. जुन्या शिकाऱ्यांचा ठोकताळा असा, की ज्यावर अंगठी अडकेल तो फाटा. अधिकृत नियम अधिक नेमका आहे. उंचवटा किमान एक इंच लांब हवा आणि टोकापासून इंचभर किंवा त्याहून खाली कोठेतरी त्याची लांबी रुंदीपेक्षा अधिक भरायला हवी. तसे नसेल तर तो नुसता गाठाळ उंचवटा. मुख्य दांड्याचे टोकही फाट्यांच्या संख्येत धरले जाते. मात्र त्याची लांबी वेगळी मोजत नाहीत, कारण ती दांड्याच्या लांबीत आलेलीच असते.

त्यानंतर पांढऱ्या शेपटीच्या हरणाची चार प्रकारची मापे घेतली जातात. पहिले, मुख्य दांड्याची लांबी. बुडाशी असलेल्या खरखरीत कड्यापासून टोकापर्यंत, बाहेरच्या वळणावरून ती मोजतात. दुसरे, दांड्यातून निघालेल्या प्रत्येक फाट्याची लांबी. तिसरे, दांड्याचा घेर. तो प्रत्येक शिंगावर चार ठिकाणी, फाट्यांच्या दरम्यान जेथे दांडा सर्वांत बारीक असेल तेथे घेतात. फाटे कितीही असोत, घेर चारच धरले जातात. चौथे माप म्हणजे दोन दांड्यांमधील आतले सर्वाधिक अंतर. शिंगे फार फाकलेली असली तर या एका मापाने गुण फुगू नयेत, म्हणून हे अंतर दोहोंतील लांब दांड्याच्या लांबीपेक्षा अधिक धरले जात नाही.

या सर्व इंचांची बेरीज म्हणजे ढोबळ गुण. एक इंच म्हणजे एक गुण, इतका हा हिशेब सरळ आहे. खरी गुंतागुंत यापुढे सुरू होते.

वजाबाकीचे गणित

क्लबची पद्धत समतोलाला मान देते. उजव्या आणि डाव्या शिंगांच्या प्रत्येक मापातील फरक ढोबळ गुणांतून वजा होतो. नेहमीच्या घडणीत न बसणारे, भलत्या जागी किंवा भलत्या दिशेने फुटलेले फाटेही वजा केले जातात. उरतात ते निव्वळ गुण.

एका काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. समजा, एका हरणाच्या प्रत्येक शिंगाला, दांड्याचे टोक धरून, पाच फाटे आहेत. उजव्या बाजूचा दांडा २४ इंच आणि त्यावरील चार फाटे अनुक्रमे ५, १० १/२, ९ आणि ५ १/२ इंच आहेत. चार घेरांची बेरीज १७ इंच धरली, तर उजव्या बाजूचे गुण ७१ होतात. डाव्या बाजूचा दांडा २३ १/२ इंच, फाटे ४ १/२, १०, ९ १/२ आणि ३ १/२ इंच, घेर तितकेच. डाव्या बाजूचे गुण ६८. दोन दांड्यांतील अंतर १८ इंच. ढोबळ गुण झाले १५७.

आता फरक पाहू. दांडा आणि पहिले तीन फाटे यांत प्रत्येकी अर्ध्या इंचाचा फरक, म्हणजे दोन इंच. चौथ्या फाट्यात आणखी दोन इंच. एकूण चार इंच वजा जाऊन उरतात १५३. त्यातच डाव्या दांड्यावर तीन इंचांचा एखादा भलताच फाटा असेल, तर निव्वळ गुण १५० वर येतात.

या गणितातील एक खोच ध्यानात घेण्याजोगी आहे. डाव्या बाजूचा चौथा फाटा दुसऱ्या नराशी झुंजताना मोडून दोन इंच आखूड झाला असेल, तर ते दोन इंच बेरजेत येत नाहीतच. शिवाय फरक म्हणून पुन्हा दोन इंच कापले जातात. दोन इंचांचे नुकसान चार गुणांना पडते. झुंजार नरापेक्षा झुंज टाळणारा नर कागदावर श्रेष्ठ ठरू शकतो.

समतोलावर एवढा भर असण्याचे कारणही सांगितले जाते. सुदृढ प्राण्याची दोन्ही शिंगे सारखी वाढतात. वेडेवाकडे शिंग अनेकदा दुखापतीची खूण असते. हरणाचा मागचा पाय जायबंदी झाला तर विरुद्ध बाजूचे शिंग विद्रूप वाढते, असे अभ्यासकांना आढळले आहे. तरीही वाकड्या शिंगांचे हरीण निकृष्टच, असे म्हणता येत नाही. काहींना मुळातच असंख्य फाटे फुटतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र गट आहे आणि त्यात भलत्या फाट्यांचे इंच वजा न होता जमा होतात. वरच्या उदाहरणातील हरीण या गटात घातले तर त्याला १५३ अधिक ३, असे १५६ गुण मिळतील.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाला क्लबच्या कायमस्वरूपी यादीत स्थान मिळण्यासाठी नेहमीच्या घडणीच्या गटात किमान १७० आणि दुसऱ्या गटात १९५ गुण लागतात. दर तीन वर्षांच्या पुरस्कारांसाठी हीच मर्यादा अनुक्रमे १६० आणि १८५ आहे. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांच्या ‘पोप अँड यंग क्लब’ची मर्यादा १२५ आणि १५५ अशी सौम्य आहे. जॉर्डनचा विक्रम कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील शेतकरी मायलो हॅन्सन यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये बिगर गावाजवळ टिपलेल्या हरणाने मोडला. त्याचे गुण होते २१३ ५/८.

युरोपचा तराजू

अटलांटिकच्या पलीकडे हिशेब वेगळा आहे. युरोपात १९३० मध्ये स्थापन झालेल्या शिकारविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने लाल हरणासाठी जे सूत्र रूढ केले, त्यामागे हंगेरीच्या हर्बर्ट नाडलर यांचे काम होते. त्यात मापे सेंटीमीटरमध्ये घेतात आणि त्यांना ठरावीक गुणकांनी गुणतात. शिंगांचे वजनही करतात. प्रत्येक किलोला दोन गुण. याखेरीज सौंदर्याचे गुण आहेत. शिंगाचा रंग, पृष्ठभागावरील मोत्यांसारखे कण आणि फाट्यांची टोकदार शुभ्र टोके यांना प्रत्येकी दोनपर्यंत, तर शेंड्यावरील ‘मुकुटा’ला दहापर्यंत गुण मिळू शकतात.

अमेरिकी पद्धतीत रंगाला आणि रूपाला जागा नाही. जे फितीने मोजता येत नाही ते मोजायचेच नाही, हे तिचे तत्त्व. युरोपी पद्धत परीक्षकाच्या नजरेवर काही अंशी विसंबते. अमेरिकेतही सर्वांना वजाबाकी पटलेली नाही. हरणाने जे वाढवले ते सगळे त्याच्या खात्यावर जमा व्हावे, असे मानणाऱ्या काही संस्थांनी आपली वेगळी गुणपद्धती प्रचारात आणली आहे. एकाच शिंगजोडीचे दोन-तीन निरनिराळे आकडे ऐकू येतात ते त्यामुळे.

आकड्याला चढलेली किंमत

नोंदीसाठी जन्मलेला आकडा पुढे बाजारात उतरला. मोठ्या शिंगांची नक्कल प्रदर्शनांतून फिरू लागली, शिकारीच्या सहलींचे दर अपेक्षित गुणांवर ठरू लागले. टेक्सास आणि इतर काही राज्यांत कुंपणाआड हरणांची पैदास करणारी केंद्रे उभी राहिली. तेथे निवडक संकर आणि पौष्टिक खाद्य यांच्या जोरावर चारशे इंचांहून अधिक मापाची शिंगे तयार झाली. जंगलातील कोणत्याही हरणाने हा आकडा गाठलेला नाही.

बून अँड क्रॉकेट क्लब अशा हरणांची नोंद करत नाही. प्राणी मोकळ्या रानातला असला पाहिजे, त्याला निसटण्याची संधी मिळालेली असली पाहिजे, अशी अट असून शिकाऱ्याला तसे लेखी निवेदन द्यावे लागते. कुंपणातल्या शिंगांवरून रानाबद्दल काहीच कळत नाही, हा त्यामागील साधा तर्क आहे.

कुंपणातील पैदाशीवर आणखी एक आक्षेप घेतला जातो तो रोगाचा. हरणांना क्षीण करून मारणारा, मेंदूला ग्रासणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ प्रथम १९६७ मध्ये कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रातील बंदिस्त हरणांत दिसून आला. आज तो अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत आढळतो आणि त्यावर उपाय नाही. बंदिस्त हरणांची ने-आण हे त्याच्या प्रसाराचे एक कारण मानले जाते.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा तेथे वन्यजीव व्यवस्थापनासाठी जातो. कायद्याचा बडगा, राखीव रान आणि हा पैसा यांमुळे हरणांची संख्या सावरली. ज्यांचे स्मारक उभारायला घेतले होते, ते प्राणी जगले.

आपल्याकडील भिंतींवर

भारतातही एके काळी फीत घेऊन शिंगे मोजली जात होती. लंडनचे प्रसिद्ध चर्मपूरक रोलंड वॉर्ड यांनी १८९२ मध्ये जगभरातील शिकारीच्या मापांची सूची प्रसिद्ध केली. भारतातील इंग्रज अधिकारी आणि संस्थानिक यांनी टिपलेल्या सांबर, चितळ, बारशिंगा यांची मापे या सूचीच्या पुढील आवृत्त्यांत येत राहिली. बाहेरच्या वळणावरून लांबी, घेर, टोकांमधील अंतर आणि फाट्यांची संख्या एवढाच तिचा आवाका असे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हा अध्याय संपवला. कायद्यातील ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत शिंगे स्पष्टपणे अंतर्भूत आहेत. जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात आजोबांच्या काळापासून टांगलेली शिंगजोडी असली, तरी ती बाळगण्यासाठी मालकीचे प्रमाणपत्र लागते. जंगलात आपोआप गळून पडलेले सांबराचे शिंग उचलून आणणे वा विकणेही कायद्याच्या कचाट्यात सापडते. ते रानातच राहावे यालाही अर्थ आहे. त्यातील चुन्यासाठी साळिंदर ते कुरतडते आणि उरलेले मातीत मिसळते.

‘बारशिंगा’ हे नावच मुळी फाट्यांच्या मोजणीतून आले आहे. परंतु मध्य भारतातील या प्राण्याच्या इतिहासात निर्णायक ठरली ती वेगळीच मोजणी. १९७० मध्ये कान्हाच्या जंगलात अवघे ६६ बारशिंगे उरल्याचे गणनेत आढळले आणि संरक्षणाची चक्रे फिरली. पुढे ही संख्या अनेक पटींनी वाढली.

अमेरिकेतील विक्रमांच्या यादीतही एक नोंद याच अर्थाने बोलकी आहे. भलत्या फाट्यांच्या गटातील सर्वोच्च गुण, ३३३ ७/८, ज्या हरणाच्या नावावर आहेत, त्याला कोणी मारलेच नाही. १९८१ मध्ये मिसूरी राज्यात सेंट लुईसजवळ रस्त्याकडेच्या कुंपणापाशी ते मृतावस्थेत सापडले. गजबजलेल्या शहराच्या आसपास वर्षानुवर्षे वावरलेले आणि कोणत्याही शिकाऱ्याच्या हाती न लागलेले. क्लबने त्याची नोंद केली, कारण नियमानुसार गुण मिळतात ते शिंगांना. शिकारी असलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही.